समुद्राच्या खात्यातील नावे

व्यापारी घरात लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी वही उघडली जाते. पहिल्या पानावर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहिले जाते, कुंकवाचे बोट उमटते आणि त्यानंतर वर्षभर त्या वहीत दोनच बाजू चालतात : जमा आणि नावे. आलेले जमेस धरायचे, गेलेले कोणाच्या तरी नावे टाकायचे. वहीची जागा आता संगणकाच्या पडद्याने घेतली, तरी ‘ही रक्कम कोणाच्या नावे टाकायची?’ हा प्रश्न पेढीवर आजही विचारला जातो. ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती उचंत खात्यात पडून राहते. वर्षअखेरीस हिशेब तपासणारा आधी हेच खाते उघडतो, कारण पेढीचा आळस, विसर आणि कधी कधी लबाडी याच खात्यात दडलेली असते.

माणसांच्या मृत्यूचेही असे एक उचंत खाते असते. जहाज बुडते, दुसऱ्या दिवशी आकडा छापला जातो, चार दिवस हळहळ व्यक्त होते आणि खाते तसेच राहून जाते. किती गेले हे कळते. कोण गेले हे लिहिले जात नाही. कोणाच्या चुकीने गेले, हेही कोणाच्या नावे टाकले जात नाही. अशा वेळी समाज एकत्र येऊन गीत रचतो, चित्रे काढतो, प्रदर्शन भरवतो. वरवर पाहता हे कलेचे काम वाटते. बारकाईने पाहिले तर ते राहून गेलेली नोंद पुरी करण्याचे काम असते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील वाचकांना समुद्राचा विषय दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. येथे पाण्याचे बोलणे निघाले की भंडारदरा, मुळा, कुकडीचे आवर्तन, टँकर आणि विहिरीची खोली यांवरच ते थांबते. तरीही या जिल्ह्याचे समुद्राशी नाते जुने आहे. १४९० साली अहमदनगर शहर वसले आणि पुढे निजामशाहीचा समुद्रावरचा दरवाजा ठरले ते चौल बंदर. आजच्या रायगड जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात ते आहे. समुद्रापलीकडून येणारा माल तेथे उतरे आणि बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर येई. आजही नगरचा कांदा आणि साखर परदेशी जाण्यासाठी ज्या न्हावाशेवा बंदरात पोहोचते, ते मुंबईच्याच खाडीत आहे. ज्या पाण्याने पिढ्यान् पिढ्या व्यापार वाहून नेला, त्या पाण्याचा दुसरा हिशेबही माहीत असावा, हे व्यापारी माणसाला पटण्यासारखे आहे.

शिवाय नाव उलटण्याचे दुःख समुद्रकिनाऱ्यापुरते मर्यादित राहिलेले नाही. २०२४ सालच्या मे महिन्यात एकाच आठवड्यात दोन घटना घडल्या. २१ मे रोजी उजनी धरणाच्या जलाशयात वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जणांना मृत्यू आला. २३ मे रोजी अकोले तालुक्यातील सुगाव बुद्रुक येथे, प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेण्यासाठी आलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोटच नदीत उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. दुसऱ्याच्या घरचा मृतदेह त्याच्या माणसांच्या हाती लागावा म्हणून आलेले हे लोक होते. त्या दिवसांत जिल्ह्यात घरोघरी या घटनेची चर्चा झाली. आज किती घरांत ती आठवते?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील सर्वांत मोठ्या बोट अपघाताची स्थितीही याहून वेगळी नाही. त्या बोटीचे नाव ‘रामदास’.

इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन या कंपनीची ही बोट. परक्या कंपन्यांच्या मक्तेदारीला उत्तर म्हणून देशी भांडवलावर उभ्या राहिलेल्या या कंपनीला कोकणातील माणूस प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणे. बोटींना संतांची नावे दिली जात. भाविक प्रवाशाला तुकाराम किंवा रामदास या नावाच्या बोटीत पाय ठेवताना आपल्याच माणसाच्या घरी जात असल्यासारखे वाटे. ‘रामदास’ जुनी किंवा मोडकळीस आलेली नव्हती. १९३६ साली ब्रिटनमधील नामांकित स्वॉन हंटर गोदीत ती बांधली गेली होती. म्हणजे अपघाताच्या वेळी तिचे वय अवघे अकरा वर्षांचे होते.

तारीख होती १७ जुलै १९४७, वार गुरुवार. आषाढ अमावास्येचा दिवस. महाराष्ट्रातील घराघरांत या दिवशी समया, निरांजने, कंदील घासूनपुसून पाटावर मांडले जातात आणि त्यांची पूजा होते. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, दुकानांत काम करणारी अलिबागकडची माणसे सणासाठी गावी निघाली होती. खुष्कीच्या मार्गाने जायचे तर पनवेल, पेण असा मोठा वळसा. बोटीने मात्र सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी. म्हणून भाऊच्या धक्क्यावर सकाळपासून गर्दी होती. आठच्या सुमारास बोट रेवसच्या दिशेने निघाली. पाऊस होता, वारा होता, समुद्र खवळलेला होता. काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटेने बोट एका अंगाला कलली. आत पाणी आले. घाबरलेले प्रवासी जीव वाचवण्यासाठी दुसऱ्या अंगाला धावले आणि त्या भाराने बोटीचा तोल पुरताच गेला. पाहता पाहता ती पाण्याखाली गेली.

यानंतरची गोष्ट अधिक जिव्हारी लागते. बोट मुंबईपासून फार दूर गेलेली नव्हती. तरी मुंबईला कित्येक तास काहीच कळले नाही. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. भाऊच्या धक्क्यावर बोट निघाली एवढीच नोंद होती. रेवसच्या धक्क्यावर ती आली नाही एवढेच लोक पाहत होते. या दोन नोंदींच्या मध्ये सहाशेहून अधिक माणसे पाण्यात होती. लाटांवर तरंगत, पोहत काही जण, त्यांत एक कोवळ्या वयाचा मुलगा, मुंबईच्या किनाऱ्याला लागले तेव्हा दुपार उलटली होती. शहराला बातमी मिळाली ती त्यांच्या तोंडून.

त्याआधी मदतीला धावले ते रेवसकडचे कोळी. मासळीने भरलेल्या होड्या घेऊन ते मुंबईच्या बाजाराकडे निघाले होते. वाटेत पाण्यात माणसे दिसताच त्यांनी मासळी समुद्रात टाकून दिली आणि त्या जागी माणसे घेतली. बाजाराच्या वेळेवर ज्याची चूल अवलंबून असते, त्याने भरलेला माल पाण्यात सोडणे म्हणजे काय, हे दुकान चालवणाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्या दिवसाचा तोटा त्यांनी कोणाच्या नावे टाकला असेल? टाकलाच नसेल. जीव वाचवण्यासाठी सोडलेल्या मालाची उधारी कोणाकडे मागायची नसते, एवढे साधे गणित त्यांना ठाऊक होते.

मृतांचा आकडा कोणी सव्वासहाशे सांगतात, कोणी त्याहून बराच अधिक. आकडे जुळत नाहीत याचे कारण सरळ आहे. तिकिटांची संख्या मोजता येते, परंतु तिकिटावर नाव नव्हते. कडेवरचे मूल, धावत येऊन फळीवरून चढलेला शेवटचा प्रवासी, यांची गणना कोण करणार? ज्या घरचा माणूस परतला नाही त्या घराला तेवढे कळले. काही गावांत एकाच आळीतील अनेक घरांवर हा घाला पडला. देश मात्र त्या वेळी दुसऱ्याच घाईत होता. स्वातंत्र्याला एक महिनाही उरलेला नव्हता, फाळणीच्या बातम्यांनी वर्तमानपत्रे भरलेली होती. त्या गडबडीत ‘रामदास’चे खाते उचंतीत गेले.

जबाबदारी कोणाच्या नावे टाकायची, याचा विचार करताना एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी लागते. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र बंद ठेवण्याची जुनी रीत होती. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण होईपर्यंत शिडाची गलबते ओढून ठेवली जात, खोल पाण्यात जाणे थांबे. जसे चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवून एका जागी राहतात, तसेच दर्यावर्दी समाजही ऋतूचे बंधन पाळत असे. वाफेचे इंजिन आले आणि माणसाला वाटू लागले की आता ऋतूचे काही चालत नाही. इंजिन लाटेवर मात करील, वेळापत्रक पाऊस पाहत नाही, सणाची गर्दी म्हणजे धंद्याचा दिवस, असे एकेक हिशेब बेरजेला लागत गेले. याच कंपनीच्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी १९२७ सालच्या नोव्हेंबरात एकाच दिवशी बुडाल्या होत्या. म्हणजे वीस वर्षांपूर्वीची नोंद समोर होती. ती उलटून पाहिली गेली असती, तर संदेशयंत्र, जीवरक्षक साधने आणि हवामानाची सूचना यांवरचा खर्च कोणाला जड वाटला नसता. ‘रामदास’नंतर हे सारे नियम कडक झाले. नियम असे नेहमी मृतांच्या खात्यातून खर्च करूनच येतात.

याच मुंबई बंदरात तीन वर्षे आधी झालेल्या दुसऱ्या एका आपत्तीची नोंद मात्र चांगली राहिली आहे, आणि तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. युद्धाचे दिवस होते. जहाजात सुमारे १४०० टन स्फोटके होती, त्यांच्या सान्निध्यात कापसाच्या गाठी रचलेल्या होत्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. कापूस आणि दारूगोळा एकाच ठिकाणी भरणे किती अविचाराचे, हे कापसाच्या व्यापाऱ्याला विचारावे. एकदा गाठीला आतून आग लागली की ती धुमसतच राहते. चार वाजून गेल्यावर पहिला आणि अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. धान्याची कोठारे, वखारी, पेढ्या जळाल्या. मशीद बंदर आणि मांडवीच्या व्यापारी वस्तीत कित्येक कुटुंबे एका संध्याकाळी रस्त्यावर आली. आकाशातून पडलेली सोन्याची वीट एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून आत आली आणि त्यांनी ती परत केली, ही हकिगत जुनी माणसे अजून सांगतात.

त्या आगीशी झुंजताना ६६ अग्निशमन जवान मरण पावले. त्यांची नावे राहिली, स्मारक झाले आणि १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जाऊ लागला. त्या आठवड्यात शहरोशहरी बंब मांडून ठेवतात, मुलांना शिडी दाखवतात, आग लागल्यास काय करावे हे शिकवतात. जवानांची नावे राहिली, कारण ती हजेरीपटावर होती. त्याच दिवशी गोदीत पोती वाहणारे हमाल, वखारीतले गुमास्ते, रस्त्याने जाणारे लोक शेकड्यांनी गेले. ते कोणत्याही एका पटावर नव्हते, म्हणून त्यांची स्मृती त्यांच्या घरच्यांबरोबरच विझत गेली. हजेरीपट असलेल्यांचे स्मरण संस्था करते. ज्यांचा पट नाही त्यांचे स्मरण समाजाने करावे लागते.

समाज हे काम कसे करतो, याचे सर्वांत मोठे उदाहरण कच्छ-काठियावाडच्या किनाऱ्यावर आहे. ‘वैतरणा’ नावाची आगबोट १८८८ सालच्या ८ नोव्हेंबरला कच्छच्या मांडवी बंदरातून मुंबईला निघाली. बोटीवर विजेचे दिवे होते, म्हणून लोकांनी तिचे नाव ‘विजळी’ ठेवले होते. द्वारकेला आणखी प्रवासी चढले. लग्नाची वऱ्हाडे होती, मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेले विद्यार्थी होते, पेढीवर परतणारे व्यापारी होते. वादळामुळे पोरबंदरला थांबता आले नाही. पुढे सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ बोट नाहीशी झाली. फळी सापडली नाही, देह सापडले नाहीत. सातशेहून अधिक माणसे गेली. कच्छमधून मुंबईत येऊन महाराष्ट्रभर पसरलेल्या अनेक जैन घरांत ‘विजळी’चे नाव आजी-पणजीच्या तोंडून ऐकलेले असेल.

या दुःखाला वाचा फुटली ती गाण्यातून. गुजरातीत ‘विजळी विलाप’ या नावाच्या काव्यरचना झाल्या. एक लोकगीत तर घरोघरी गायले जाऊ लागले आणि पुढे झवेरचंद मेघाणी यांनी ते आपल्या ‘रढियाळी रात’ या संग्रहात घेतले. बायका फेर धरून ते गात राहिल्या, म्हणून सव्वाशे वर्षांनंतरही ‘विजळी’ लोकांना माहीत आहे. वाफेच्या बोटींच्या काळातील किती अपघातांना हे भाग्य लाभले?

मात्र याच गीताने एक चूकही करून ठेवली. त्याने सारा दोष हाजी कासम या एका माणसाच्या नावे टाकला. हा हाजी कासम बोटीचा कप्तान होता की तिकिटांचा व्यवहार पाहणारा दलाल, याबद्दलही एकवाक्यता नाही. पोरबंदरच्या इंग्रज कारभाऱ्याने ‘पुढे जाऊ नका’ असे बजावले होते आणि कप्तानाने ते ऐकले नाही, ही कथा पुढे जोडली गेली. नंतरच्या संशोधनात तिला आधार मिळाला नाही. सरकारी चौकशीत दिसून आले ते वेगळेच. बोटीवर पुरेशा जीवरक्षक होड्या नव्हत्या, पुरेशी जाकिटे नव्हती. सुरक्षेचा खर्च ज्यांनी करायचा ते गाण्यात कोठेच नाहीत, आणि एका माणसाचे नाव पिढ्यान् पिढ्या बदनाम होत राहिले. स्मरण राहिले, पण नोंद चुकीच्या खात्यात पडली. शोकाला कोणी तरी एक दोषी हवा असतो. म्हणून स्मरण करणाऱ्याने हिशेबनिसापेक्षाही अधिक सावध असावे लागते.

गीत एका सुरात शोक सांगते. अनेक हातांनी मिळून केलेले चित्र-शिल्पांचे प्रदर्शन काय साधू शकते, हे पाहण्यासाठी थोडे दूर, ऑस्ट्रेलियात जावे लागते. २००१ सालच्या ऑक्टोबरात इराक, अफगाणिस्तान अशा देशांतून जीव वाचवून निघालेली कुटुंबे इंडोनेशियाहून एका लहानशा मासेमारी बोटीतून ऑस्ट्रेलियाकडे निघाली. अवघी साडेएकोणीस मीटर लांब आणि चार मीटर रुंद बोट. तिच्यात चारशेच्या आसपास माणसे. १९ ऑक्टोबर रोजी ती बुडाली आणि ३५३ जण मरण पावले. त्यांत १४६ मुले होती, १४२ स्त्रिया होत्या आणि ६५ पुरुष. बोटीला सरकारी कागदांत धड नावही मिळाले नाही. ‘संशयित बेकायदा प्रवेश नौका’ या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आणि क्रमांकाच्या जागी अज्ञाताची खूण, एवढ्यावरच ‘सीव्ह-एक्स’ हे नाव पडले. ही माणसे त्या देशाची नागरिक नव्हती, त्यांच्या येण्यावरून तेथे मोठे राजकारण चालू होते. त्यांच्यासाठी रडणारे कोणी नाही, असेच वाटावे अशी स्थिती होती.

त्या वेळी काही सामान्य नागरिक पुढे आले. स्मारक कसे असावे, हे त्यांनी शाळाशाळांतील मुलांना विचारले. एका शाळकरी मुलाची कल्पना स्वीकारली गेली : प्रत्येक मृतासाठी एक पांढरा खांब. मोठ्या माणसासाठी उंच, मुलासाठी बुटका. देशभरातील शाळा, प्रार्थनामंदिरे आणि महिलामंडळांनी एकेक खांब वाटून घेतला आणि त्यावर आपल्या हाताने चित्र काढले. कोणी फुले काढली, कोणी पक्षी, कोणी लाटा. राजधानी कॅनबेरा येथे तळ्याकाठी हे खांब उभे करायचे ठरले, तेव्हा कायमची परवानगी हाती नव्हती. म्हणून २००६ साली लोक जमले आणि आपापला खांब दोन्ही हातांनी धरून स्वतःच उभे राहिले. पुढच्या वर्षी खांब जमिनीत रोवले गेले. ओळीने चालत गेल्यावर मध्ये खांबांच्या रचनेतूनच त्या बोटीचा आकार दिसतो. चारशे माणसे एवढ्याशा जागेत होती, हे तेथे उभे राहिल्यावर कोणी सांगावे लागत नाही.

या उपक्रमातील शहाणपण दोन गोष्टींत आहे. पहिली, त्यांनी आकड्याला माणसांत परत मोडले. रोकडीची मोठी रक्कम नाण्या-नोटांत मांडून दाखवावी, तसे ३५३ चे ३५३ वेगळे खांब झाले आणि मुलांचे खांब बुटके असल्याने मुले किती होती हे नजरेलाच कळले. दुसरी, चित्र काढणाऱ्याला एका मृताची जबाबदारी दिली. ज्या शाळेतील मुलांनी एक खांब रंगवला त्यांना तो मृत माणूस आपल्या घरचा झाला. सहानुभूती सर्वांसाठी वाटली की ती पातळ होते. एकाच्या नावे धरली की टिकते.

‘रामदास’साठी, ‘विजळी’साठी किंवा प्रवरेत गेलेल्या जवानांसाठी असे काही करणे अवघड नाही, आणि त्याला फार पैसाही लागत नाही. पर्युषणात, महावीर जन्मकल्याणकाला ठिकठिकाणी मुलांची चित्रे, रांगोळ्या, देखावे मांडले जातात. सभागृह असते, हौस असते, पाहायला येणारी कुटुंबे असतात. शाळा आणि मंडळे एकत्र आली तर आषाढ अमावास्येला, दिव्यांच्या दिवशी, एक दालन पाण्यात गेलेल्यांच्या स्मृतीसाठी सहज मांडता येईल. किनाऱ्यावरच्या गावांतून आणि आपल्याच नदीकाठच्या गावांतून वृद्धांच्या तोंडून नावे गोळा करता येतील. एका मुलाने एका माणसाचे चित्र काढावे. चेहरा माहीत नसेल तर त्याच्या गावचा धक्का, त्याच्या घरचा दिवा, त्याच्या हातातील सणाची पिशवी काढावी. मासळी पाण्यात सोडून माणसे उचलणाऱ्या कोळ्यांचे चित्रही तेथे असावे, कारण जमेची बाजू वगळून कोणताही हिशेब पुरा होत नाही.

मात्र दालनाच्या एका भिंतीवर कारणांची नोंद हवी : बोटीची क्षमता, जीवरक्षक साधने, हवामानाची सूचना आणि त्या दिवशी पाळला न गेलेला नियम. ही भिंत नसेल तर प्रदर्शन पाहून डोळे ओले होतील आणि घरी जाताना वाटेतील धरणावर त्याच कुटुंबाला जाकिटाशिवाय नावेत बसावेसे वाटेल. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या समुद्रात, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि १५ जण गेले. त्यानंतर प्रवासी बोटींवर जाकीट घालण्याची सक्ती झाली. ‘विजळी’च्या चौकशीत जाकिटांचा प्रश्न निघाला त्याला तेव्हा १३६ वर्षे झाली होती. एवढ्या वर्षांत ही नोंद किती वेळा वाचली गेली असेल?

घरच्यांनाही यात करण्यासारखे आहे. सहलीला नेणारी बोट भरगच्च दिसली तर पुढच्या फेरीची वाट पाहावी. जाकीट मागावे, आणि नसेल तर पैसे परत घेऊन उतरावे. चार माणसे हसतील, भित्रे म्हणतील. पेढीवर हिशेबाला काटेकोर असलेल्या माणसाला लोक कंजूष म्हणतात, तसेच ते आहे. बुडण्याची वेळ आली की त्याचाच सल्ला आठवतो.

राहिला प्रश्न ज्यांची नावे कधीच मिळणार नाहीत त्यांचा. ‘रामदास’च्या प्रवाशांत असे अनेक असतील. त्यांच्यासाठी प्रदर्शनातील वहीत ओळी मोकळ्या सोडाव्यात. जुन्या मुनीमांची रीत तीच होती : नोंद अपुरी असेल तर जागा सोडायची, अंदाजाने नाव लिहायचे नाही. कोणी तरी, कधी तरी, आजीकडून ऐकलेले एखादे नाव घेऊन येईल आणि त्या ओळीत लिहील, एवढी जागा तिथे असावी.